आईचे ताट आणि प्रथिनांचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

माणसाला जगण्यासाठी अन्न लागते हे सांगावयास कोणा शास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. परंतु खाल्लेल्या अन्नातील कोणता घटक शरीरात जाऊन नेमके काय करतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. मी कला शाखेचा विद्यार्थी. अर्थशास्त्र हा माझा विषय. तेव्हा प्रथिनांवर लेख लिहिण्याचा तुला काय अधिकार, असे कोणी विचारल्यास ते रास्तच होईल. या प्रश्नाचे माझे उत्तर एका डब्यापासून सुरू होते.

गेल्या वर्षी वसतिगृहातील आम्ही काही मित्र व्यायामशाळेत जाऊ लागलो. नुसत्या मेसच्या जेवणावर अंग भरत नाही, प्रोटीन पावडर घ्यावी लागते, असे तेथे ऐकले आणि मी एक किलोचा डबा विकत घेतला. किंमत अडीच हजार रुपये. पैसे घरून पुस्तकांसाठी आले होते. माझे आईवडील पेठ तालुक्यातील आमच्या पाड्यावरून दर वर्षी द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडे मजुरीला जातात. आईचा रोज साडेतीनशे रुपये. म्हणजे तो डबा तिच्या सात दिवसांच्या कष्टाचा होता. हा हिशेब मी डबा घेतल्यानंतर केला, आधी नाही. मनाला फार लागले. निदान या डब्यात आहे तरी काय हे समजावे म्हणून ग्रंथालयात बसू लागलो. तेथे जे वाचले आणि पुढे घरी जाऊन जे मोजले, ते येथे मांडीत आहे.

प्रथिने म्हणजे काय?

‘प्रोटीन’ हा शब्द मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाने १८३८ साली रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अग्रस्थानी असलेले’ असा आहे. मराठीत ‘प्रथिन’ म्हणताना ‘प्रथम’ हा शब्द आठवतो, तो अर्थाला धरूनच आहे. कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ यांत मुख्यतः कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन असतात. प्रथिनांत यांखेरीज नत्र असते, ते वजनाने सुमारे १६ टक्के. आपले स्नायू, त्वचा, केस, रक्तातील हिमोग्लोबिन, पाचक रसांतील विकरे, इन्सुलिन आणि रोगांशी लढणारी प्रतिद्रव्ये ही सारी प्रथिनेच होत.

प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मण्यांचे प्रकार वीस. त्यांपैकी नऊ प्रकार आपले शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच यावे लागतात. त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. माळ ओवताना एक मणी जरी कमी पडला तरी माळ अडते, बाकीचे मणी कितीही असोत.

शरीरातील प्रवास

आपण वरण-भात खातो तेव्हा जठरात पेप्सिन आणि पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या रसातील ट्रिप्सिन वगैरे विकरे या माळा तोडतात. सुटे झालेले मणी रक्तात शोषले जातात आणि प्रथम यकृताकडे जातात. तेथून ते शरीरभर पोहोचतात व नव्या माळा ओवल्या जातात. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिने मोडतात आणि तितकीच नव्याने बनतात. घर तेच दिसते, पण विटा सतत बदलत असतात. जुन्या विटा पुष्कळशा पुन्हा वापरल्या जातात म्हणूनच आपले थोड्या प्रथिनांवर भागते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जादा चरबी शरीर साठवून ठेवते. प्रथिनांचे मात्र असे वेगळे कोठार नसते. गरजेपेक्षा अधिक आलेल्या अमिनो आम्लांतील नत्र यकृतात युरियाच्या रूपाने वेगळे केले जाते व मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकले जाते. उरलेला भाग जळण म्हणून वापरला जातो किंवा चरबीत जातो. एक ग्रॅम प्रथिनापासून ४ उष्मांक मिळतात, म्हणजे कर्बोदकांइतकेच. शिवाय प्रथिने पचविण्यातच त्यांतील २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते. कर्बोदकांच्या बाबतीत हा खर्च ५ ते १० टक्केच असतो. प्रथिनांमुळे पोट अधिक वेळ भरल्यासारखे वाटते. थोडक्यात, जळण म्हणून प्रथिने वापरणे म्हणजे सागवानाने चूल पेटविण्यासारखे आहे.

किती हवीत?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज घ्यावीत असे ठरविले. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत स्त्रीला याशिवाय रोज २२ ग्रॅम अधिक लागतात. ज्यांच्या ताटात धान्यच फार आणि डाळ, दूध कमी, त्यांनी किलोमागे एक ग्रॅम धरावा. याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत अंग कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेऊ नयेत असे स्पष्ट सांगितले आहे. हे वाचले त्या दिवशी माझा डबा निम्मा संपला होता.

डाळीचा अभ्यास करणाऱ्या कमला सोहोनी

आपल्या डाळी-कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास एका मराठी विदुषीने केला आहे हे मला माहीत नव्हते. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तो नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर अटी घालून त्यांना प्रवेश मिळाला, आणि तेथे त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या स्वदेशी परतल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, कडधान्ये अशा गरिबांच्या अन्नावर संशोधन केले.

१९५५ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह वालातून ट्रिप्सिनला अडविणारा पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. म्हणजे कच्च्या वालात प्रथिने असतात आणि ती पचू न देणारा पहारेकरीही तेथेच बसलेला असतो! उष्णतेने तो बराचसा निकामी होतो. आपल्या आयाबाया कडधान्य भिजवतात, मोड आणतात आणि मऊ शिजवतात, यामागे केवळ चवीचा विचार नाही. प्रयोगशाळा न पाहिलेल्या पिढ्यांनी अनुभवाने शोधलेले ते शास्त्र आहे.

भाकरीला डाळ, डाळीला भाकरी

धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर, पण मिथिओनिन कमी. दोन्ही एकत्र खाल्ली म्हणजे एकीची उणीव दुसरी भरून काढते. साधारण तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण चांगले मानतात. आपल्या नाशिकची मिसळ घ्या : मोडाची मटकी आणि सोबत पाव. आमच्या पेठ-सुरगाण्याकडची नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी घ्या. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने, तर तितक्याच उडीद डाळीत २३ ग्रॅम. शेंगदाण्यात २५ आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. वसतिगृहात येऊन मी नागलीला कमी लेखू लागलो होतो, याची आज लाज वाटते.

आधी पोटभर भाकरी : सुखात्मे यांचा विचार

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ज्या मराठी माणसाचे नाव ठाऊक असलेच पाहिजे ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ १९५१ ते १९७० या काळात जागतिक अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक होते. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांचे संकट येऊ घातले आहे असा इशारा दिला. गरीब देशांना प्रथिनयुक्त खास खाद्ये पुरवावीत असा त्या वेळचा सूर होता. सुखात्मे यांनी आकडेवारीच्या आधारे याला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, आपल्याकडचा गरीब माणूस आपले नेहमीचे अन्न पोटभर खाईल तर प्रथिनांची गरज बहुतांशी त्यातच भागते. खरी तूट उष्मांकांची, म्हणजे भुकेची आहे. पोट अर्धे राहिले की शरीर प्रथिनेच जाळू लागते, आणि मग ती कितीही दिली तरी बांधणीच्या कामी येत नाहीत. पुढे जगातील अनेक आहारतज्ज्ञही याच मताकडे वळले.

परंतु याच सुखात्मे यांनी नंतर असेही मांडले की, माणसाचे शरीर काही मर्यादेपर्यंत कमी अन्नाशी जुळवून घेते. म्हणून ठरावीक उष्मांकांपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित समजू नये. यावर पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि आहारतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी कडाडून टीका केली. या वादात निर्णय देण्याची माझी पात्रता नाही. मी फक्त एक ताट मोजले आहे.

आईचे ताट

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी दिंडोरीकडे आईवडिलांच्या झोपडीवर राहिलो. द्राक्षबागेत विरळणी आणि डिपिंगची कामे चालू होती. किराणा दुकानातून छोटा काटा उसना आणला व तीन दिवस आईचे खाणे मोजले. ती हसत होती. परीक्षेचा काही प्रयोग असेल असे तिला वाटले.

दिवसाला नागलीचे पीठ ३०० ग्रॅम : प्रथिने २१ ग्रॅम. तांदूळ १०० ग्रॅम : ८ ग्रॅम. डाळ जेमतेम २० ग्रॅम : साडेचार ग्रॅम. भाजी, ठेचा वगैरे मिळून २ ग्रॅम. एकूण साडेपस्तीस ग्रॅम. आईचे वजन ४५ किलो. ०.८३ च्या हिशेबाने तिला ३७ ग्रॅम हवीत. म्हणजे कागदावर फारसे कमी नाही! सुखात्मे यांचे म्हणणे मला पटले.

मग उष्मांक मोजले. ते सुमारे १५०० भरले. मध्यम कष्टाच्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीला २१३० आणि जड कष्टाच्या स्त्रीला २७२० उष्मांक सांगितले आहेत. आई वजनाने कमी म्हणून काही वजा केले तरी रोज चारपाचशेंची तूट राहतेच. म्हणजे त्या साडेपस्तीस ग्रॅमांतील काही भाग रोज चुलीत जातो.

डाळ तिच्या वाट्याला २० ग्रॅमच का येते, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही. ते झोपडीतच दिसले. आधी वडील, मग मी, मग धाकटी बहीण. शेवटी पातेल्यात पाणी घालून जे होईल ते आईचे. “आई, तू घे ना वरण,” म्हटले तर म्हणाली, “तू खा रे, मला सवय हाय.” जुळवून घेणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजले. शरीर जुळवून घेते हे खरे असेल. पण त्याची किंमत कोण मोजतो, हेही कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे.

हे एका घराचे दुःख नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. अर्धपोटी आईच्या पोटी येणारे मूल पहिल्या दिवसापासूनच मागे असते. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना रोज एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना शासनाने २०१५ साली सुरू केली, ती याच जाणिवेतून.

उपसंहार

मित्रहो, व्यायाम करू नका असे मी म्हणत नाही. अंगमेहनत करणाऱ्याला प्रथिने अधिक लागतात हेही खरे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती वाढवू नयेत. परंतु आपल्यापैकी बहुतेकांची गरज डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून सहज भागते. रोज मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून साडेसात ग्रॅम प्रथिने आणि १७० उष्मांक मिळतात. माझ्या डब्याच्या पैशात निदान पंधरा किलो शेंगदाणे आले असते. आईला रोज एक मूठ या हिशेबाने ते वर्षभर पुरून उरले असते.

तेव्हा सुट्टीत घरी गेल्यावर आपण सर्वांनी एकदा आपल्या आईचे ताट पाहावे, आणि ती शेवटी जेवत असेल तर तिला आपल्याबरोबर बसवावे. हे घडले तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन. डब्याची गोष्ट मी आईला अजून सांगितलेली नाही. तिला वाचता येत नाही. हा अंक निघाला की घरी नेईन आणि बहिणीला तो मोठ्याने वाचावयास सांगेन.