कर्जाचा ओघ आटतो तेव्हा गृहकर्ज मध्यस्थाने काय करावे?

जिज्ञासू : पतटंचाईचा फटका गृहकर्ज मध्यस्थाला नेमका कुठे बसतो?

जाणकार : थेट उत्पन्नाला. भारतातला मध्यस्थ, म्हणजे डीएसए (डायरेक्ट सेलिंग एजंट), मुख्यतः बँक किंवा गृहवित्त कंपनी देते त्या कमिशनवर चालतो आणि ते कमिशन कर्जाची रक्कम प्रत्यक्ष हाती पडल्यावरच मिळते. फाइल अडली की तिच्यावरची सगळी मेहनत वाया जाते.

जिज्ञासू : अशी टंचाई येते कशी?

जाणकार : २०१८चे उदाहरण घेता येईल. सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांना पतपुरवठा करणाऱ्या कंपनीने देणी थकवली आणि म्युच्युअल फंडांनी बिगरबँक वित्त कंपन्यांचे अल्पमुदतीचे रोखे घेताना हात आखडता घेतला. अनेक गृहवित्त कंपन्या थोड्या मुदतीचे पैसे उचलून पंधरा-वीस वर्षांची कर्जे देत होत्या. जुनी देणी भागवण्यातच रोकड जाऊ लागली, तेव्हा नवी कर्जे आटली. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने डीएचएफएल या गृहवित्त कंपनीचे संचालक मंडळ बरखास्त केले. एकाच कंपनीवर विसंबणे मध्यस्थाला किती महागात पडू शकते, ते यातून दिसते.

जिज्ञासू : म्हणजे जास्त ठिकाणी अर्ज टाकावेत?

जाणकार : संबंध अनेकांशी असावेत, अर्ज मात्र निवडून करावा. बँकांना ठेवींचा आधार असल्याने टंचाईतही त्या कर्जे देऊ शकतात; पण उत्पन्नाचे पुरावे आणि परतफेडीचा इतिहास त्या काटेकोरपणे पाहतात. शिवाय प्रत्येक अर्जाची चौकशी पत अहवालात नोंदली जाते. थोड्या काळात अशा नोंदी वाढल्या की सिबिल स्कोअर घसरू शकतो.

जिज्ञासू : मग निकष कडक असताना मंजुरी मिळवायची कशी?

जाणकार : अर्जाआधीच्या तयारीने. समजा, हातात येणारा पगार ६०,००० रुपये आहे आणि बँक त्याच्या निम्म्यापर्यंत हप्ते मान्य करते. वाहनकर्जाचा ८,००० रुपयांचा हप्ता चालू असेल, तर घरासाठी २२,००० उरतात. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी त्यात सुमारे २५ लाख रुपये कर्ज बसते. वाहनकर्ज आधी फेडले, तर तीच मर्यादा साडेचौतीस लाखांवर जाते. हा हिशेब ग्राहकापुढे मांडणे, पत अहवालातल्या चुका दुरुस्त करून घेणे, आयकर विवरणपत्रे जुळवणे, हेच मध्यस्थाचे खरे कौशल्य.

जिज्ञासू : घराची कागदपत्रेही तितकीच महत्त्वाची?

जाणकार : निश्चितच. महाराष्ट्रात महारेरा नोंदणी, मालकी हक्क, मंजूर नकाशे आणि बांधकामाची प्रगती आधीच तपासावी. अडकलेल्या प्रकल्पात ग्राहकाचा हप्ता चालू राहतो, घर मात्र मिळत नाही.

जिज्ञासू : नवे ग्राहकच कमी झाले तर?

जाणकार : जुन्यांकडे वळावे. त्यांचा व्याजदर पाहून त्याच बँकेत शुल्क भरून दर कमी करून घेणे स्वस्त, की कर्ज दुसरीकडे हलवणे, हे सांगावे. वैयक्तिक ग्राहकाला बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. तरी प्रक्रिया शुल्क व मुद्रांक शुल्क धरूनच बचत मोजावी. बचत नसेल, तर कमिशन बुडाले तरी कर्ज हलवू नका असे सांगावे. उत्पन्न डळमळीत असलेल्याला घरखरेदी पुढे ढकलायला सांगणेही याच जबाबदारीत येते. असा सल्ला मिळालेला ग्राहक पुढे कर्ज घेताना त्याच मध्यस्थाकडे येण्याची शक्यता मोठी असते.