पाच जणांची चाचणी पुरते का?

प्रश्न : आमची वेब कंपनी वाढते आहे. नवं पेमेंटचं पान आधी लोकांना वापरायला देऊ, असं डिझायनर म्हणतात. इंजिनिअर म्हणतात, वेळ नाही. पाच-सहा जणांकडून खरंच काही कळतं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बरंच कळतं. जेकब नीलसन आणि टॉम लँडॉअर या संशोधकांच्या १९९३च्या गणितानुसार एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, पाच जणांकडून सुमारे ८५ टक्के. पुढे त्याच त्या अडचणी दिसत राहतात. म्हणून १५ जण एकदम बोलावण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्या आणि प्रत्येक फेरीनंतर दुरुस्ती करा.

मत विचारू नका, काम द्या : ‘ही वस्तू मागवून पैसे भरा.’ मग मदत न करता बघा. ग्राहक आणि विक्रेते दोघेही वापरणार असतील, तर दोन्हींतले प्रत्येकी तीन-चार जण घ्या. मात्र किती टक्के लोक अडतात, हे पाच जणांवरून ठरवू नका. त्यासाठी वापराची आकडेवारी पाहा.

आणि इंजिनिअरांना चाचणीला नक्की बसवा. अहवालावर वाद घालता येतो. समोर अडखळणारा माणूस पाहिला की दुरुस्तीसाठी वेळ निघतो.