परसबागेतील बटाटा : मातीची भर चुकवू नका

परसबागेत आपण वांगी, मिरची, मेथी लावतो. बटाटा मात्र बाजारातून आणतो. तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद जागेतही घरापुरता बटाटा घेता येतो. त्यासाठी झाडांना वेळेवर मातीची भर दिली पाहिजे.

बेणे व लागवड

लागवड ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी. जमीन भुसभुशीत, निचऱ्याची असावी. एवढ्या जागेत सुमारे 20 किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. नुकत्याच काढलेल्या बटाट्याचे डोळे काही आठवडे सुप्त असतात. असे बेणे उगवत नाही, जमिनीतच कुजते. म्हणून कुफरी ज्योती किंवा कुफरी चंद्रमुखी या जातींचे 30 ते 40 ग्रॅम वजनाचे, डोळे फुटलेले, निरोगी बेणे निवडावे. दोन सऱ्यांत 60 व दोन बेण्यांत 20 सें.मी. अंतर ठेवावे. सुमारे 75 बेणे, म्हणजे अडीच ते तीन किलो पुरतात.

भर का द्यावी?

बटाटा हे मूळ नसून जमिनीत वाढणाऱ्या खोडाचा फुगलेला भाग आहे. तो बेण्याच्या वरच्या बाजूस पोसतो. त्यामुळे माती कमी पडली की बटाटे उघडे पडतात. उजेडाने ते हिरवे होतात व त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. असे बटाटे कडवट लागतात. खाल्ल्यास उलट्या, पोटदुखी होते. शिजवूनही हे विष जात नाही. शिवाय उघड्या बटाट्यांच्या डोळ्यांवर पाकोळी अंडी घालते व अळ्या आत पोखरतात.

म्हणून लागवडीनंतर सुमारे 30 दिवसांनी खुरपणी करून 10 ते 15 सें.मी. भर द्यावी. पुढे 15 ते 20 दिवसांनी पुन्हा द्यावी. पाणी हलके द्यावे. भेगा पडल्यास लगेच बुजवाव्यात.

काढणी

साधारण 90 ते 100 दिवसांत पाला पिवळा पडतो. काढणीपूर्वी 8 ते 10 दिवस पाणी बंद करून पाला कापावा. एक बटाटा उकरून अंगठ्याने चोळावा. साल सुटत नसेल तर काढणीस योग्य समजावे. कुदळ झाडापासून दूर मारावी.

बटाटे उन्हात न ठेवता सावलीत सुकवावेत. कापलेले बटाटे आधी वापरावेत. हिरवे झालेले जनावरांनाही घालू नयेत. उरलेले थंड, हवेशीर व अंधाऱ्या जागी ठेवावेत. जमिनीत मातीने केलेली राखण घरात अंधाराने करावी लागते.