महाविद्यालयीन गावाची भूमी आणि लोकसंख्या : दापोलीचा अभ्यास

एखाद्या गावाची लोकसंख्या किती, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा एका आकड्यात देतो. शेतीवर जगणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत नांदणाऱ्या खेड्याला हा एक आकडा पुष्कळदा पुरेसा ठरतो. ज्या लहान गावांची वाढ महाविद्यालयांच्या आधाराने झाली, त्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे कायमचे रहिवासी असतात, शिक्षणासाठी तीन-चार वर्षे राहणारे असतात, नोकरीनिमित्त बदलून आलेले असतात आणि सणासुदीला वा सुट्टीत येणारेही असतात. या चारही वर्गांना पाणी, रस्ते आणि दवाखाना एकच. म्हणून अशा गावाचा विचार करताना भूगोल आणि लोकसंख्या ही दोन प्रकरणे एकत्र वाचावी लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

भूरचना आणि पाऊस

दापोली तालुक्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस खेड, उत्तरेस मंडणगड आणि दक्षिणेस वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे गुहागर आहे. दापोली गाव समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ८ किलोमीटरवर, पण किनाऱ्याहून बरेच उंच, सुमारे २५० मीटर उंचीच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर वसले आहे. या उंचीमुळे येथील हवा किनाऱ्यापेक्षा सौम्य असते. ‘मिनी महाबळेश्वर’ हे नाव त्यामुळेच रूढ झाले.

येथे वर्षाकाठी सरासरी ३,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबर या काळात पडतो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी लवकर मुरते आणि उतारावरून तितक्याच लवकर निघून जाते. परिणामी जुलैत तुडुंब भरलेली विहीर एप्रिलअखेर तळ गाठते. भरपूर पाऊस आणि अपुरे पाणी हे कोकणाचे जुने कोडे दापोलीलाही चुकलेले नाही.

छावणी ते विद्यापीठ

पेशवाई १८१८ मध्ये संपल्यानंतर इंग्रजांनी दक्षिण कोकणासाठी येथे लष्करी छावणी वसवली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव त्या काळाची खूण आहे. फौज गेल्यावरही निवृत्त सैनिकांची वस्ती टिकून राहिली. सुभेदार रामजी सकपाळ यांनी सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ येथे वास्तव्य केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणातील काही दिवस येथे गेले. मिशनच्या शाळेमुळे इंग्रजी शिक्षणही लवकर पोहोचले. भारतरत्न पां. वा. काणे आणि पालगडचे साने गुरुजी हे याच शाळेचे विद्यार्थी. म्हणजे शिकण्यासाठी बाहेरून मुले येऊन राहण्याची प्रथा दापोलीला विद्यापीठाने लावलेली नाही. ती त्याहून जुनी आहे.

तिला मोठे रूप मिळाले ते मात्र १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाल्यावर. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून निघालेली ‘रत्ना’ आणि पुढे बिनकोयीची म्हणून गाजलेली ‘सिंधू’ या आंब्याच्या जाती या विद्यापीठाने दिल्या. विदर्भ, मराठवाडा आणि देश या भागांतील विद्यार्थीही येथे येतात.

जिल्हा रिकामा होतो, गाव भरते

आता जिल्ह्याच्या आकड्यांकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत सुमारे ८२ हजारांची, म्हणजे जवळजवळ ४.८ टक्क्यांची घट झाली. त्याच दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. २०११ मध्ये राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर रत्नागिरीत १,१२२. याचा अर्थ उघड आहे. कमावता पुरुष मुंबईस जातो आणि तेथे मोजला जातो. घर, शेत आणि वडीलधारी माणसे सांभाळणारी स्त्री गावी राहते आणि गावी मोजली जाते.

महाविद्यालयीन गावात याच्या उलट प्रवाह असतो. ज्या वयाची मुले वाडीतून बाहेर पडतात, त्याच वयाची मुले या गावात दाखल होतात. अशा गावाचा वयोगटाचा आलेख काढला, तर १८ ते २२ वर्षांच्या गटात फुगवटा दिसतो. हा फुगवटा गावातील जन्मांतून आलेला नसतो आणि तो पुढेही सरकत नाही. दरवर्षी एक तुकडी पदवी घेऊन जाते आणि तितकीच दुसरी येते. इतरत्र वीस वर्षांचे तरुण पुष्कळ दिसले, तर काही वर्षांनी अंगणवाड्या आणि प्राथमिक शाळेच्या खोल्या वाढवाव्या लागतील असा अंदाज करता येतो. येथे तोच अंदाज फसतो. या तरुणांना वसतिगृह, वाचनालय, खाणावळ आणि रात्रीची एस.टी. हवी असते.

साक्षरतेचेही तसेच आहे. प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यामुळे गावाची सरासरी उंचावते आणि त्या सरासरीखाली एखाद्या वाडीतील प्रौढ स्त्रियांची निरक्षरता झाकली जाते. म्हणून अशा गावात वाडीवार आकडे पाहण्याची सवय ठेवणे अगत्याचे आहे.

विद्यार्थी कोठे मोजला जातो

आपल्या जनगणनेत माणसाची नोंद त्याच्या जन्मगावी होत नाही. गणनेच्या काळात तो जेथे सामान्यतः राहतो, तेथे ती होते. वसतिगृह हे ‘संस्थात्मक कुटुंब’ मानले जाते. फेब्रुवारीत महाविद्यालये चालू असतात. त्यामुळे वसतिगृहातील विद्यार्थ्याची नोंद महाविद्यालयाच्या गावी व्हावयास हवी. परंतु अनेक पालक मायेपोटी मुलाचे नाव घरच्या यादीत सांगतात. मग तो दोनदा मोजला जातो किंवा वसतिगृहातून सुटतो. भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी सुटण्याचा संभव त्याहून अधिक असतो.

ही बाब केवळ कागदाची नाही. स्थानिक संस्थांना मिळणाऱ्या अनुदानाच्या वाटपात लोकसंख्येला मोठे वजन असते. शिवाय वसतिगृह ज्या हद्दीत, त्या हद्दीच्या खात्यात त्याची लोकसंख्या जमा होते. दापोलीची बाजारपेठ मात्र नगरपंचायतीची हद्द ओलांडून जालगाव, गिम्हवणे यांसारख्या शेजारच्या गावांशी जोडलेली आहे. जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली असून १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन आहे. एकदा नोंदलेला आकडा पुढे अनेक वर्षे वापरला जातो, हे लक्षात घेता ही नोंद अचूक होणे गावाच्या हिताचे आहे.

पाण्याचा हिशेब

शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने एक हजार वसतिगृहवासी विद्यार्थ्यांना दिवसाला १,३५,००० लिटर पाणी लागेल. सत्र संपून विद्यार्थी घरी गेले म्हणजे ताण कमी होईल असे वाटते, पण मे महिन्यात मुंबईकर चाकरमानी गावी येतात आणि मुरूड, कर्दे, आंजर्ले या किनाऱ्यांकडे जाणारे पर्यटकही येतात. ही माणसे जनगणनेत येथे नसतात, तरी विहिरी आटण्याच्या दिवसांत तहानलेली असतात.

दुसरी बाजूही पाहावी. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. ३,५०० मिलिमीटर पावसात १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला साडेतीन लाख लिटर पाणी पडते. त्याचा लहानसा हिस्सा जरी टाकीत साठवला वा विहिरीत सोडला, तरी उन्हाळ्यातील ओढ कमी होईल. महाविद्यालयांची आणि शाळांची विस्तीर्ण छपरे यासाठी सर्वांत सोयीची आहेत.

गावाने करावयाचा अभ्यास

या सर्वांतून एक सोपी कार्यपद्धती सुचते. शाळेतील आठवी-नववीच्या वर्गाने भूगोलाचा प्रकल्प म्हणून गावाची माणसे वर्षातून चार वेळा मोजावीत : ऑगस्टमध्ये, फेब्रुवारीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. वसतिगृहांचे पट, भाड्याच्या खोल्या आणि लॉज यांवरून हा अंदाज सहज बांधता येतो. त्याच दिवशी चार-पाच विहिरींची पाणीपातळी दोरीने मोजून वहीत लिहावी. पंचायतीच्या सदस्यांनी ही वही ग्रामसभेपुढे ठेवावी आणि अधिकाऱ्यांनी पाणीटंचाईचा आराखडा करताना जनगणनेच्या आकड्याशेजारी ती ठेवून पाहावी.

जो तरुण चार वर्षे गावचे पाणी पितो, तो त्या काळापुरता गावचाच असतो. त्याची मोजदाद नीट झाली, तर त्याच्या वाट्याचे पाणी वाडीतल्या घागरीतून काढण्याची वेळ येणार नाही.