लस टोचून झाली, आता पाच मिनिटं बसा

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीला बाळाला आणता. वजन होतं, सुई टोचली जाते, तापाचं औषध लिहून घेऊन मंडळी निघतात. त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा, बाळाची वाढ नव्हे, विकास वयाप्रमाणे आहे का? दीड वर्षाच्या बूस्टरला पुन्हा विचारा, आणि दोन वर्षं झाल्यावर आणखी एकदा.

"मुलगे उशिराच बोलतात", "ह्याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता" असं घरात चालू असतं. असेलही. पण ज्याला नीट ऐकू येत नाही तेही मूल उशिराच बोलतं. म्हणून बोलणं लांबलं की आधी कान तपासायचे, मग ते ताट पडल्यावर दचकत असलं तरी.

मला शब्दांपेक्षा मुलाचं बोट जास्त सांगतं. दीड वर्षाचं मूल गॅलरीत काऊ दिसला की बोट दाखवतं आणि वळून आईकडे बघतं, तिनंही पाहिला ना म्हणून. एखादं मूल मात्र पाणी हवं असलं की आईचा हात धरून तिला माठापर्यंत ओढत नेतं, तिच्या तोंडाकडे बघतही नाही. एवढ्यावरून ऑटिझम ठरत नाही. पण १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' ही २० प्रश्नांची चाळणी आहे, ती करून घ्यावी. उत्तरं खरी द्या, मुलाचे मार्क वाढवू नका. चाळणीत अडकलं तर पुढची तपासणी, इतकाच त्याचा अर्थ.

नऊ महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचं चालत नाही, दोन वर्षांचं "मम्मं दे" असे दोन शब्द जोडत नाही, तर थांबू नका. वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल तर घरी डावखुरा म्हणून कौतुक होतं. दुसरा हात कमजोर असू शकतो. आणि येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय मात्र दोन वर्षांपर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायचं.

खर्चाची धास्ती असेल तर अंगणवाडीत विचारा. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तिथे येतात आणि पुढचे उपचार मोफत मिळतात.

येताना घरातला, खेळतानाचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन या. दवाखान्यात मूल नुसतं रडतं.