सगळ्या वर्गांत एकच वेळ कशी राहील?

प्रश्न : आमच्या शाळेत प्रत्येक वर्गातलं घड्याळ वेगळीच वेळ दाखवतं. मुलीनं जर्मनीहून आपोआप वेळ लावून घेणारं घड्याळ पाठवलं, पण इथे त्यावर अँटेनाचं चिन्ह नुसतं लुकलुकत राहतं. एकमेकांशी जुळलेली बिनतारी डिजिटल घड्याळं शाळेत बसवता येतील का? त्यांना वेळ कोण सांगतं?
— एक मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : तुमचं जर्मन घड्याळ बिघडलेलं नाही. फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगन इथून ७७.५ किलोहर्ट्झवर वेळेचा संदेश प्रसारित होतो, तो ऐकण्यासाठी ते बनवलं आहे. हा संदेश साधारण २,००० किलोमीटरपर्यंत पोचतो. सातारा त्याच्या तिपटीहून लांब. हातानं वेळ लावली की ते साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखं चालेल.

आपल्याकडे वेळ घ्यायच्या दोन वाटा आहेत. देशाची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर सांभाळते आणि इंटरनेटवरूनही देते. शाळेत दिवसभर वायफाय चालू असेल, तर वायफायवाली घड्याळं घ्या. पहिल्यांदा चालू केल्यावर बहुतेक घड्याळं स्वतःचं छोटं नेटवर्क उघडतात. मोबाइल त्याला जोडून शाळेच्या वायफायचं नाव, पासवर्ड आणि साडेपाच तास पुढचा टाइम झोन भरायचा. राउटरचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा चालू हवा. अशी बरीच घड्याळं ५ गिगाहर्ट्झ पकडतच नाहीत.

इंटरनेटचा भरवसा नसेल, तर दुसरी वाट जीपीएसची. एक मुख्य घड्याळ उपग्रहांकडून वेळ घेतं आणि रेडिओ लहरींनी वर्गांतल्या घड्याळांना देतं. त्याची अँटेना उघडं आकाश दिसेल अशा ठिकाणीच लावा. स्लॅबखाली किंवा पत्र्याच्या छपराखाली ती आंधळी होते. सुरुवातीला वेळ थोडी चुकीची दिसली तर घाबरू नका. जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे असते, कारण १९८० पासून जागतिक वेळेत घातलेले लीप सेकंद जीपीएस मोजत नाही. हा फरक उपग्रहच कळवतो, पण ती माहिती साडेबारा मिनिटांतून एकदा येते. नव्या यंत्राला पाव तास द्या.

भिंतीला भोक पाडण्याआधी घड्याळ ठरलेल्या जागी हातात धरून सिग्नल मिळतो का ते पाहा. जाड दगडी भिंत आणि लोखंडी कपाटं सिग्नल अडवतात. कधी दोन-तीन फूट सरकवलं तरी काम होतं.

विजेच्या जोडणीकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण माझ्या मते शाळांमध्ये ही घड्याळं सगळ्यात जास्त तिथेच फसतात. एलईडीच्या अंकांना सतत वीज लागते. शाळा सुटल्यावर शिपाई जे मेन स्विच बंद करतात, त्यावरच घड्याळ असेल तर ते रोज रात्री बंद पडणार. वायरमनकडून त्यांना वेगळी लाइन काढून घ्या. वीज गेल्यावर आकडे दिसले नाहीत तरी आतल्या बटणसेलवर वेळ चालू राहते. वीज आल्यावर घड्याळ शून्यापासून सुरू होत असेल, तर तो सेल संपला आहे.

घंटाही याच व्यवस्थेला जोडा. मुख्य घड्याळात घंटेसाठी रिले मिळतो का, हे खरेदीआधीच विचारा. घंटा कुणाच्या तरी मनगटी घड्याळावर वाजत राहिली, तर भिंतीवरच्या अचूक वेळेचा मुलांना काय उपयोग?

आणि सगळ्या वर्गांची घड्याळं एकदम मागवू नका. एक मुख्य घड्याळ आणि त्याच्यापासून सर्वांत लांबच्या वर्गासाठी एक, एवढीच आधी घ्या. आठवडाभर, वीज जाऊन-येऊनही, दोन्हींची वेळ जुळत राहिली तरच बाकीची मागवा.