चेहऱ्यांवरून दमा कसा मोजतात?

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला दमा आहे. परवा डॉक्टरांनी त्याच्यापुढे हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा कागद ठेवून चार प्रश्न विचारले, मग मला तीन. 'सतरा गुण. दमा अजून आटोक्यात नाही,' म्हणाले. पण गणपतीपासून त्याला एकदाही दवाखान्यात न्यावं लागलेलं नाही! हा चेहऱ्यांचा खेळ कितपत खरा? आणि घरचे म्हणतात तसे बांगडे बंद करू का?
— एक आई, देवबाग, ता. मालवण

उत्तर : खेळ वाटला तरी ती २००७ साली प्रसिद्ध झालेली, ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठीची चाचणी आहे. आज दमा कसा आहे, पळताना-खेळताना त्रास होतो का, दम्यामुळे खोकला येतो का, रात्री जाग येते का, हे मूल चेहऱ्यावर बोट ठेवून सांगतं. प्रत्येकाला ० ते ३ गुण. पालकांना गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारतात : दिवसा त्रास किती दिवस झाला, छाती किती दिवस वाजली, दम्यामुळे किती रात्री उठला. इथे ० ते ५. एकूण २७ गुण. १९ किंवा कमी आले तर दमा नीट आटोक्यात नाही असं धरतात.

मुलालाच का विचारायचं? कारण पालकांना दिसतो तो झटका. रोजचा त्रास मूल गुपचूप सोसतं, किंवा त्यातून वाट काढतं. क्रिकेटमध्ये सदा अंपायर होतं, किनाऱ्यावर पळापळी सुरू झाली की शंख-शिंपले वेचत बसतं. विचारलं तर म्हणेल, 'माका काय होणा नाय.' ते खोटंही नसतं. आठवतं तेव्हापासून श्वास असाच असेल, तर सगळ्यांचाच असा असतो असं त्याला वाटणार. चेहरा निवडताना मात्र ते थोडं थांबतं, विचार करतं. पहाटेचा खोकलाही तसाच. तुम्ही दिवसभराच्या कामाने दमून झोपलेल्या, तो शेजारी उठून बसलेला.

म्हणजे झटका न येणं आणि दमा आटोक्यात असणं या दोन गोष्टी आहेत. उलटही खरं : गुण चांगले असले तरी गेल्या वर्षात मोठा झटका येऊन गेला असेल, तर पुढचा धोका असतोच, आणि डॉक्टर तो वेगळा धरतात. फुंकर मारून फुप्फुसाचा जोर मोजण्याची तपासणी या वयात बहुतेक मुलांना जमते. तीही विचारून पाहा.

घरी एक खूण सर्वांत सोपी. त्रास झाल्यावर घ्यायचा पंप (साल्ब्युटामॉलचा, बहुधा निळा) घेतला की कॅलेंडरवर फुली मारा. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला, किंवा दम्यामुळे रात्री एकदाही जाग आली, तर डॉक्टरांना सांगा. पुढच्या वेळी पंप आणि स्पेसर बरोबर न्या, तो कसा घेतो ते त्यांना पाहू द्या. औषध बरोबर आणि घेण्याची रीत चुकीची, हे फार वेळा घडतं. तो धाप लागून वाक्य पुरं करू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर गुणबिण बाजूला ठेवून पंप देत तडक रुग्णालय गाठा.

आपल्याकडे ऋतू विसरून चालत नाही. मे महिन्यात २४ गुण आले म्हणून रोजचा पंप स्वतःहून बंद केला, की जूनमध्ये शाळा, पाऊस आणि सर्दी एकदमच येतात. भिंतींना ओल, बुरशी. दमट गाद्यांत डोळ्यांना न दिसणारे माइट वाढतात. चतुर्थीआधी माळ्याची झाडलोट, मग धूप आणि फटाके. म्हणून चाचणी एकदाच करून भागत नाही. एक फेरी श्रावणात कराच. झाडलोटीच्या दिवशी त्याला शेजारी पाठवा, डास घालवायची कॉइल लावू नका, आणि घरात कुणी विडी ओढत असेल तर तेवढं भांडण जरूर करा.

बांगडे? खाल्ल्यावर अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा धाप असं काही होत नसेल, तर बंद करायचं कारण नाही. केळी-दह्याचंही तेच. तळताना चुलीचा धूर घरात कोंडला, तर मात्र त्याला बाहेर खळ्यात बसवून वाढा.